राजारामपुरीच्या गल्ल्या आणि टेबलातली शेगडी

शनिवार

महालक्ष्मी एक्सप्रेसचा मोठा गुण म्हणजे ती कोल्हापुरातच संपते. झोप लागली तरी पुढच्या गावाला जायची भीती नाही. ठाण्याला रात्री चढले, सांगलीच्या आसपास जाग आली ती खिडकीबाहेरच्या उसाने. शाहू महाराज टर्मिनसवर वैशाली उभी होती, एक हेल्मेट डोक्यावर आणि एक माझ्यासाठी काखेत. "चल की, उशीर झाला तर मिसळीला रांग लागतीय." आंघोळ वगैरे नंतर. परीख पुलाखालून पलीकडे गेलं की राजारामपुरी. तिच्या घरी बॅग टाकली, काकूंच्या हातचा अर्धा कप चहा उभ्याउभ्याच घेतला आणि शिवाजी उद्यमनगर गाठलं.

फडतऱ्यांच्या मिसळीबद्दल लिहायचं काही कुणी शिल्लक ठेवलेलं नाही, म्हणून एवढंच सांगते की इथे मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात आणि मला तेच पटतं. पाव रस्सा पिऊन नुसता फुगतो. स्लाइस बुडवली की लगेच तोंडात टाकावी लागते, नाहीतर ती वाटीतच राहते, त्यामुळे खाण्याला आपोआप वेग येतो. कट पुन्हा पुन्हा मागायचा. मागताना लाजायचं नाही. शेजारच्या बाकड्यावरच्या आजी तिसऱ्यांदा मागत होत्या.

बाहेर पडल्यावर कानावर लेथ मशीनचा आवाज पडतो. उद्यमनगर म्हणजे ओतकाम, पॅटर्न, जॉबवर्क. एकेकाळी इथल्या शेडमधून शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं बाहेर पडायची. वैशालीच्या बाबांची सगळी नोकरी फाउंड्रीत गेली, आता निवृत्त आहेत, पण सकाळचा फेरफटका अजून याच बाजूला असतो. ते आम्हाला कोपऱ्यावर भेटले. आमचा बेत त्यांना माहीत होता: राजारामपुरीत मेन रोडच्या जवळ एक बार्बेक्यूचं हॉटेल निघालंय, टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेलं. वैशालीला कधीपासून जायचं होतं आणि घरातलं कुणी तयार होईना, म्हणून मला बोलावणं.

काकांना खाण्यात रस कमी, शेगडीत जास्त. "आमच्या भट्टीतनं बिडाचा रस ओततो तेव्हा तेराशे-चौदाशे अंश असतंय," ते म्हणाले. "तुमची ती टेबलातली शेगडी किती तापणार? लाकडी टेबल, शेजारी पोरंबाळं. त्यांना ती तापवून चालतंय का? कबाब आतनंच भाजून येणार, तुमच्यासमोर नुसतं गरम राहणार. पैसे मात्र भाजल्याचे."

"बाबा, तुम्ही येऊ नका. मी जातो हिला घेऊन," वैशाली म्हणाली. (इकडच्या मुली स्वतःबद्दल असंच, 'जाते' न म्हणता 'जातो' म्हणून बोलतात. ठाण्यात राहून गेली तरी हिचं बदललं नाही, आणि बदलू नये.)

पण आजच जाता येणार नव्हतं. शनिवारी त्यांच्या घरात मांस-मच्छी चालत नाही. त्यामुळे टेबल रविवारी रात्रीचं सांगितलेलं.

दिवसभर मग गावात भटकलो. अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, त्यालगतची चपलांची दुकानं. खासबागेत कुस्तीचं मैदान रिकामं होतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेला हा वाडग्यासारखा खोलगट आखाडा रिकामा असताना जास्त मोठा वाटतो. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाकडे वैशालीने बघायचं टाळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, त्या रात्री अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं, त्यात हीसुद्धा होती. पहिलं नाटक तिने तिथेच पाहिलेलं. त्याबद्दल ती फार बोलली नाही, मीही विचारलं नाही.

रात्री गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी रांगेत बांधलेल्या, गवळी समोर धार काढून देतो आणि फेसाळ, कोमट दूध उभ्यानेच प्यायचं. शेजारी तालमीतली दोन पोरं एकेक लिटर सहज रिचवत होती. मी एका ग्लासात गार.

रविवार

कोल्हापूरचा रविवार मटणाच्या रांगेत सुरू होतो. काका सकाळी डबा घेऊन निघाले तेव्हा मीही मागे लागले. रांगेत कुणालाच घाई नव्हती. प्रत्येकाला आपल्याला काय हवंय ते नेमकं ठाऊक: मांडी, चाप, नळी, वर थोडी चरबी. काकांनी एक तुकडा परत करायला लावला आणि दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिला. या गावाने २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरासाठी कृती समिती काढली होती, मोर्चे काढले होते. बाहेरच्यांना तेव्हा हसू आलं. इथे रांगेत उभं राहिल्यावर त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळेनासं होतं. आंदोलन करून टोल घालवणाऱ्या गावाने मटणाचा दर तरी का सोडावा?

"रात्री तिकडं जायचंय, दुपारी थोडंच खावा," असं वैशाली आईला सांगत होती. काकूंनी ते ऐकलं नाही. ऐकण्यासारखं ते नव्हतंच.

काकूंच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून उभी राहिले. मटण हळद न घालता आलं-लसूण आणि मिठावर शिजवलं, पाणी भरपूर. ते अळणी, म्हणजे मटण शिजल्याचं पाणी, मग दोन पातेल्यांत वाटलं. पांढऱ्या रश्शाला नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, खडा मसाला. त्याच्याजवळ हळद किंवा लाल तिखट फिरकूसुद्धा द्यायचं नाही. हे काम सोपं वाटतं, पण काकू पळी हलवायची थांबेनात. नारळाचं दूध फुटलं तर सगळं गेलं.

तांबड्या रश्शाचं काम वेगळं. दोन मोठे कांदे सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवले. वरचं साल काळं होऊन कागदासारखं सुटलं, देठाकडून रस बुडबुडायला लागला. मग सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून ज्योतीवर नेली. आधी कडेने तेल चकाकलं, मग चुर्र आवाज झाला आणि वाटीच पेटली, चांगली वीतभर पिवळी ज्योत. मी मागे सरकले. काकूंनी वाटी फिरवून ज्योत दुसऱ्या कडेला नेली, थोडा वेळ जळू दिली आणि मग फुंकर मारली. निळसर धूर खिडकीपर्यंत गेला.

"जळालं की हो!"

"जळू दे की. जळल्याबिगर चव कुठनं येणार?" त्या म्हणाल्या आणि तो काळा कांदा, काळं खोबरं, कोथिंबीर, लसूण सगळं मिक्सरमध्ये गेलं. वाटण बाहेर आलं ते गडद चॉकलेटी. तेलात परतताना त्यात घरची कांदा-लसूण चटणी पडली आणि घरातले तिघंजण एकदम शिंकले.

दुपारच्या जेवणाचं वर्णन करत नाही. भाकरी, सुकं, वाटीतून ओरपलेले दोन रस्से. पांढरा आधी प्यायचा का नंतर, यावर काका आणि वैशालीचं एकमत नाही. जेवून सगळे आडवे.

पाच वाजता आम्ही चालायला निघालो. चालणं भाग होतं, रात्रीसाठी जागा करायची होती.

राजारामपुरीत पत्ता सांगणं सोपं असतं. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा मेन रोडला फुटलेल्या गल्ल्या मोजत जायच्या. इथला माणूस माणसालाही आकड्यानेच ओळखतो: "सातवीतला काय? मग तू त्याला ओळखत असशील की." जुन्या पेठांसारखं वळणावळणाचं काही नाही, शिवाजी पेठ-मंगळवार पेठेतले लोक या सरळ रेषांना अजून थोडं नाक मुरडतात. मेन रोडवर कपडे, सोनं, मोबाइल, चपला, बेकरी. जनता बझार चौकात रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. आत गल्लीत शिरलं की मात्र आवाज निम्म्यावर येतो. काही जुने बंगले अजून आहेत, पुढे आंब्याचं किंवा फणसाचं झाड, लोखंडी फाटकावर कुटुंबाचं नाव. त्याच्या शेजारी चार मजली इमारत, खाली डोळ्यांचा दवाखाना, वर क्लास. वैशाली प्रत्येक पाडलेल्या बंगल्याचं नाव घेत चालली होती. इथे चिंचेचं झाड होतं, इथल्या आजी बॉल परत द्यायच्या नाहीत.

मंडळांचे फलक दर थोड्या अंतरावर. गणेश चतुर्थीला राजारामपुरीतली आगमनाची मिरवणूक हा एक वेगळाच प्रकार असतो. बाकी गावं विसर्जनाला जीव टाकतात, इथे गणपती येतानाच रस्ता बंद. एका गल्लीच्या तोंडाशी पोरं फुटबॉल खेळत होती, दोन चपलांचा गोल. कोल्हापुरात क्रिकेटइतकंच, काही घरांत त्याहून जास्त, फुटबॉल चालतं आणि संघ तालमींचे असतात. बॉल आमच्याकडे आला, वैशालीने साडेतीन हजारांच्या सँडलने तो परत मारला. पोरांनी शिट्टी वाजवली. टाकाळ्यापर्यंत जाऊन परत फिरलो, तोवर दिवे लागले होते.

आता बार्बेक्यू.

हॉटेल दुसऱ्या मजल्यावर. आत थंडगार एसी, टेबलाच्या मधोमध चौकोनी खाच, त्यावर वाडग्याएवढी टोपी असलेला पाइप धूर ओढायला. पोऱ्याने चिमट्याने धरून लोखंडी ट्रे आणला आणि खाचेत बसवला. कोळशावर राखेचा पांढरा थर. मी हात वर धरून पाहिला, कोमट म्हणावं त्याच्यापेक्षा थोडं जास्त. काकांची आठवण आम्हा दोघींना एकाच वेळी झाली आणि वैशालीने मला टेबलाखालून पाय मारला, "काही बोलू नको."

सळ्या आल्या. चिकन, कोळंबी, पनीर, मशरूम, ढोबळी मिरची. सगळं आतून भाजूनच आलेलं, कडांवर काळे ठिपके. शेगडीवर सळी ठेवायची, छोट्या ब्रशने बाटलीतलं काहीतरी लावायचं, फिरवायचं. टेबलावर एक छोटा झेंडा, तो उभा आहे तोवर पोरं आणत राहतात. नको असेल तर आडवा करायचा. दुपारच्या मटणावर आमचा झेंडा लवकर आडवा होईल असं मला वाटलं होतं, पण कोळंबीने तसं होऊ दिलं नाही. कोळंबी खरंच छान होती. लसूण, लिंबू, मिरं, बाहेरून कडक आणि आत रसाळ. कोळंबीला आच थोडीच लागते, म्हणून ती इथे शोभते. पनीर मात्र रबर. पनीर आंबट घालून फाडलेलं असतं, ते कितीही तापवलं तरी चीजसारखं वितळत नाही, नुसतं सुकत जातं, आणि अशा शेगडीवर ते ठेवून विसरलं की संपलं. दालचिनी लावलेल्या अननसाच्या फोडी मी चार वेळा मागवल्या. साखर कडेला जळून किंचित कडू झाली होती, तेच त्यातलं सगळ्यात चांगलं.

चिकन बरं. बरं म्हणजे बरंच. खाताना काहीतरी राहतंय असं वाटत होतं आणि ते काय हे शोधण्यात मी दोन सळ्या संपवल्या. मसाला भरपूर, मीठ बरोबर, तुकडा मऊ. धूर नव्हता. भाजण्याची खरी चव चरबी निखाऱ्यावर पडते तिथे असते. ती जळते, धूर होऊन वर येते आणि मांसाला चिकटते. इथे तुकडा आतच निथळून आलेला, निखारा राखेखाली झोपलेला आणि जो काही चुकार धूर निघेल तो डोक्यावरची टोपी ओढून नेणार. एसी हॉल, शंभर माणसं, बायकांच्या साड्या. हॉटेलवाल्याने तरी दुसरं काय करावं?

"बोकडाचं काही नाही का हो?" वैशालीने विचारलं.

"सीख आहे ना ताई, मटण सीख."

सीख म्हणजे खिमा. सबंध तुकडा सळीवर घालायचा तर बोकड आधी बराच वेळ मुरवावा लागतो. त्याचं मांस चिवट, त्यातला चिवटपणा विरघळायला पाणी लागतं आणि वेळ लागतो. तसाच कोरड्या आचेवर ठेवला तर तो तुकडा चामडं होतो. म्हणून अशा ठिकाणी कोंबडी, मासे आणि भाज्यांचं राज्य. आणि म्हणूनच ज्या गावाला बोकडच हवा, त्या गावात मटण रश्शात शिजतं. आच आणि धूर मग जाणार कुठे? ते खोबऱ्यात जातात, कांद्यात जातात. सकाळी काकूंच्या हातात वाटी पेटली होती ना, तेच इथलं बार्बेक्यू. कोल्हापूर मटण भाजत नाही, मसाला भाजतं.

हे मी वैशालीला सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे की. पण इथं आईला उठायला लागत नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही. घरच्या चवीचं कौतुक करणारे बहुतेक लोक ओट्याच्या या बाजूला उभे असतात. सकाळी मीही उभीच होते.

मजा पुढे होती. शेजारी एक मोठं कुटुंब बसलेलं, दहा-बारा जणांचं, कुणाचा तरी वाढदिवस. पोरं टाळ्या वाजवून गाणं म्हणून गेली, केक कापला. त्यांचे आजोबा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सळीकडे संशयाने बघत होते. नातवाने चिकनचे चार तुकडे त्यांच्या ताटात काढले. आजोबा उठले, बफेच्या टेबलाकडे गेले आणि येताना दोन वाट्या घेऊन आले. एकीत तांबडा, एकीत पांढरा. होय, बार्बेक्यूच्या हॉटेलात! आमच्या पोऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ठेवावाच लागतो ताई. नाहीतर गिऱ्हाईक विचारतंय आणि उठून जातंय." आजोबांनी मग शांतपणे तंदुरी रोटी तोडून ताटात कुस्करली, वर तांबडा ओतला, कबाबचे तुकडे सळीवरून ओढून त्यात मोडले आणि बोटांनी व्यवस्थित कालवलं. पहिला घास घेऊन मान हलवली. नातवाने "आजोबा, हे असं खात नाहीत" म्हटलं. आजोबांनी त्यालाही एक घास भरवला. तो गप्प झाला आणि वाटी आणायला उठला.

आम्हीही उठलो. रस्सा बफेचा होता, पातळ, त्यात घरची जळकी चव नव्हती. पण त्या चिकनचे काळे ठिपके आणि हा रस्सा एकत्र आल्यावर दोघांचंही बरं झालं. झेंडा पुन्हा उभा केला.

बिल माणशी हजाराच्या आत बसलं. रविवारी महाग असतं म्हणे, मधल्या वारी स्वस्त.

घरी पोचलो तेव्हा काका जागेच होते. "शेगडी?"

"कोमट," मी म्हटलं.

एवढ्यावर त्यांना शांत झोप लागली असावी.

सोमवार

दुपारची बस होती, म्हणून सकाळी काकूंबरोबर कांडपाला गेले. उन्हाळा लागला की घराघरात वर्षाच्या चटणीची गडबड. काकूंनी आठवडाभर गच्चीवर मिरच्या वाळवल्या होत्या: तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. देठं खुडून झालेली. धणे, जिरं, तीळ, खोबरं, खडा मसाला घरी तेलावर भाजून वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेलं. कांदा उभा चिरून, वाळवून, तळून. लसूण मात्र कच्चा, सालासकट.

कांडपाच्या दुकानात पाऊल टाकलं आणि घशात आग झाली. आत तीन बायका नाकाला पदर लावून बसलेल्या, मशीनवाला मात्र तोंड उघडं ठेवून गप्पा मारत होता. लोखंडी मुसळं वरखाली होत होती. आधी मिरची, मग मसाले, मग मीठ, शेवटी कांदा-लसूण. लसूण पडला तसा कोरड्या पुडीचा रंग बदलला, ती ओलसर, काळपट लाल झाली आणि मुसळाला चिकटायला लागली. काकू दर वेळी चिमूट तोंडात टाकून बघत होत्या. "खोबरं अजून भाजायला पाहिजे होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला तर काहीच कळलं नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

परातीत ओतलेली चटणी गरम होती. ती तशीच डब्यात भरायची नाही, गार होऊ द्यायची, मग बरणीत दाबून भरायची आणि वर मिठाचा थर द्यायचा. ओला चमचा घालायचा नाही. हे सगळं काकूंनी मला दोनदा सांगितलं, मग वैशालीला सांगितलं की हिला आठवण कर. माझ्या वाट्याला किलोभर. तीन पिशव्यांत गुंडाळून दिली.

"पुढच्या बारीला आलीस की त्या हॉटेलात मला पण न्या," निघताना काकू म्हणाल्या.

"तू येणार?" वैशालीचा विश्वास बसेना.

"का? एक दिवस बसून खाल्लं तर काय होतंय?"

मध्यवर्ती बसस्थानकावर बस वेळेवर लागली. पिशवी वरच्या फळीवर ठेवली आणि गाडी महामार्गाला लागेपर्यंत पुढच्या दोन सीटवरची माणसं आळीपाळीने शिंकली. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता वर पाहिलं.

"ताई, चटणी आहे ना? खाली पायाशी घ्या. साताऱ्यापर्यंत जायचंय अजून लोकांना."